मीठ, गळा आणि मन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात अवटुग्रंथी, स्वभाव व नैराश्य यांच्या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मनुष्याचा स्वभाव हे संस्कारांचे फळ मानावे की शरीरातील रसांचा परिणाम, हा प्रश्न भारतीय वैद्यकाला नवा नाही. वात, पित्त व कफ यांच्या प्राधान्यावरून प्रकृती ठरविण्याची आयुर्वेदाची पद्धत ही या प्रश्नाला दिलेल्या प्राचीन उत्तरांपैकी एक होय. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची व अर्बुद यांच्या जोडीने गलगंडाचे विवेचन आले असून वातज, कफज व मेदोज असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. तथापि गळ्यावरील ही वाढ आणि मनाची मंदावलेली गती या दोहोंचे मूळ एकाच ग्रंथीत आहे, हे ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे.

अवटुग्रंथी हा परिभाषेतील शब्द महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांच्या बाहेर फारसा गेला नाही. लोकांच्या तोंडी ‘थायरॉईड’ हाच शब्द रूढ झाला आणि तोही विचित्र अर्थाने. ‘तिला थायरॉईड आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा ग्रंथीचे नावच रोगाचे नाव झालेले असते. वास्तविक ती ग्रंथी प्रत्येकालाच असते. जुन्या बोलण्यात गलगंड आणि गंडमाळ यांचीही अशीच गल्लत होई. गंडमाळ हा प्रायः क्षयरोगाने सुजलेल्या लसिकाग्रंथींचा विकार, तर गलगंड ही अवटुग्रंथीची वाढ. शब्दांची ही सरमिसळ निरुपद्रवी नाही, कारण ज्या विकाराला नेमके नाव नसते त्याचा दोष माणसाच्या स्वभावावर सहज टाकला जातो. सुस्त, आळशी, रडवी, तिरसट ही विशेषणे कित्येकदा रोगलक्षणांच्या जागी वापरली गेली आहेत, आणि ती अधिक करून स्त्रियांच्या वाट्याला आली आहेत.

प्रस्तुत लेखात भंडारा जिल्हा हा संदर्भ घेऊन या संबंधाचा इतिहास पाहावयाचा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील, भातशेतीचा आणि तलावांचा हा प्रदेश दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. मध्य प्रांताच्या नागपूर विभागातील हा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. येथील मनोरुग्णांचा कागदोपत्री इतिहास नागपूरच्या इस्पितळाशी बांधलेला आहे आणि येथील मिठाचा इतिहास बंजाऱ्यांच्या तांड्यांशी. हे दोन धागे वरकरणी परस्परांपासून दूर वाटतात. त्यांना जोडणारा दुवा आयोडीन हा आहे.

वेड्यांच्या इस्पितळातील ‘कारण’ हा रकाना

नागपूर येथील मनोरुग्णालयाची स्थापना १८६४ मधील. त्यापूर्वी सहा वर्षे, १८५८ चा ३६ वा अधिनियम अमलात आला होता. या कायद्याने भटकणाऱ्या अथवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यांना पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा अधिकार पोलिसांना दिला. म्हणजे इस्पितळाच्या दाराशी कोण पोहोचणार हे वैद्याआधी शिपायाने ठरवावयाचे होते. जो बाजारात आरडाओरडा करील, दगड भिरकावील, रस्त्यावर विवस्त्र फिरेल तो पकडला जाई. जी स्त्री घराच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसते, जिचा आवाज घोगरा झाला आहे, जी ऐन उन्हाळ्यातही थंडी वाजते म्हणून घोंगडी ओढते आणि कामाला हात लावीत नाही, तिला कोणता शिपाई पकडणार? वसाहतकालीन भारतातील वेड्यांच्या इस्पितळांत पुरुषांची संख्या स्त्रियांहून बरीच अधिक असे, त्याचे एक कारण या कायद्याच्या रचनेतच होते.

इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाच्या कारणांचे एक कोष्टक असे. त्यात शारीरिक व नैतिक असे कारणांचे दोन वर्ग केलेले असत; नैतिक या शब्दाने तेव्हा दुःख, भय, चिंता यांसारखी मानसिक कारणे सूचित होत. शारीरिक कारणांत गांजाचा क्रमांक वरचा. या नोंदी कितपत विश्वसनीय होत्या याची तपासणी पुढे सरकारनेच केली. १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भारतीय गांजा आयोगाने मनोरुग्णालयांच्या नोंदींचा कसून तपास केला. तेव्हा असे आढळून आले की, रुग्णासोबत येणाऱ्या पोलिसांच्या कागदावर जे कारण लिहिलेले असे, तेच पुष्कळदा रुग्णालयाच्या पुस्तकात विनाचौकशी उतरविले जाई. गांजा ओढतो असे कोणी म्हटले की कारण सापडले. या आकडेवारीवरून गांजामुळे वेड लागते असा निष्कर्ष काढता येणार नाही, असे आयोगाने ठरविले. खांडव्याकडील गांजाच्या लागवडीमुळे मध्य प्रांत या चौकशीच्या केंद्रस्थानी होताच.

ज्या काळात नागपूरच्या पुस्तकात ‘कारण : गांजा’ किंवा ‘कारण : अज्ञात’ असे लिहिले जात होते, त्याच काळात लंडनमध्ये वेडाच्या एका निश्चित शारीरिक कारणाचा शोध लागला होता, ही बाब लक्षणीय आहे. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांत आढळणाऱ्या एका अवस्थेचे वर्णन केले. त्या स्त्रियांचा चेहरा सुजट, बोलणे जड व मन मंद झालेले होते. विल्यम ऑर्ड यांनी या विकाराला मिक्सिडीमा हे नाव दिले. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने १८८३ मध्ये नेमलेल्या समितीने १८८८ मध्ये शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास करून अहवाल सादर केला. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते, आणि जवळजवळ निम्म्यांमध्ये भ्रम व भास आढळले होते. हा विकार अवटुग्रंथीच्या नाशामुळे होतो, असा समितीचा निर्णय होता.

उपचारही लवकरच सापडला. जॉर्ज मरे या न्यूकॅसलच्या तरुण डॉक्टरने १८९१ मध्ये मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षे वयाच्या स्त्रीला टोचला. तिची सूज ओसरली, बोलणे सुधारले, ती घराबाहेर पडू लागली. पुढे हा अर्क तोंडावाटे घेत ती १९१९ पर्यंत जगली. तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या औषधासाठी लागल्या. वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या व्यक्तीचा ‘स्वभाव’ बाटलीतील द्रवाने पूर्ववत झाल्याचे इतके स्पष्ट उदाहरण त्यापूर्वी क्वचितच मिळते. एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२० च्या दशकात चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केले. १९५२ मध्ये ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांनी त्याहून प्रभावी असे टी-३ हे संप्रेरक ओळखले.

या यशाने विद्वानांचा तोल सुटल्याचेही दिसते. न्यूयॉर्कचे डॉक्टर लुई बर्मन यांनी १९२१ मध्ये ग्रंथींवरून व्यक्तिमत्त्वाचे वर्गीकरण मांडणारा ग्रंथ लिहिला. त्यात माणसांचे अवटुप्रधान, अधिवृक्कप्रधान असे प्रकार पाडून इतिहासातील थोर पुरुषांनाही त्या साच्यांत बसविले होते. प्रकृतिविचाराला नव्या रसायनशास्त्राचा अंगरखा चढविण्याचाच हा प्रकार म्हणता येईल. तो टिकला नाही, हे योग्यच झाले. अवटुग्रंथी मंदावली तर माणूस मंदावतो, हे खरे आहे. परंतु मंद दिसणारा प्रत्येक माणूस अवटुग्रंथीमुळे मंद आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही, हा तर्कशास्त्रातला साधा नियम त्या काळी विसरला गेला होता.

तरीही रोजच्या रुग्णालयीन व्यवहारात चूक बहुधा उलट दिशेने होत असे. ए. जे. क्रोनिन या डॉक्टर-कादंबरीकाराच्या ‘द सिटाडेल’ (१९३७) मध्ये वेडा ठरवून इस्पितळात धाडण्याच्या बेतात असलेल्या खाणकामगाराला मिक्सिडीमा असल्याचे तरुण डॉक्टर ओळखतो, असा प्रसंग आहे. (याच कादंबरीवरून पुढे ‘तेरे मेरे सपने’ हा १९७१ चा हिंदी चित्रपट निघाला.) कादंबरीकाराने दाखविलेली गोष्ट वैद्यकीय नियतकालिकात ठसण्यास आणखी बारा वर्षे लागली. रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये अशा १४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील बरेच जण मानसिक रोगी म्हणून दाखल झालेले होते आणि अवटुग्रंथीच्या अर्काने बहुतेकांत सुधारणा झाली. इंग्लंडसारख्या देशात १८८८ च्या अहवालानंतर साठ वर्षांनीही हे निदान हुकत होते. मग मध्य प्रांतातील एका जिल्ह्यात ते होत नव्हते, यासाठी तेथील सिव्हिल सर्जनला एकट्याला दोष देता येणार नाही.

समुद्र नसलेल्या मुलखातील मीठ

भंडारा जिल्ह्यात तांदूळ पिकतो, तलावांत मासळी मिळते, तुमसरच्या परिसरात मँगनीज निघते, भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ती जुनी आहे. मीठ मात्र येथे कधीच पिकले नाही. आगगाडी येण्यापूर्वी किनाऱ्यावरचे मीठ बैलांच्या पाठीवर लादून बंजारे आत आणीत आणि परतताना धान्य नेत. इंग्रज सरकारने मिठावरील कर बुडू नये म्हणून सिंधूपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत जी जकातीची सरहद्द आखली होती, ती मध्य प्रांतातूनही जात असे. १८७९ मध्ये ती उठली. नागपूरला आगगाडी १८६७ मध्ये आली आणि १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड मार्गाने भंडाऱ्याचा प्रदेश जोडला गेला. त्यानंतर तांड्यांचा व्यापार ओसरला व मीठ वाघिणींतून येऊ लागले. १९३० च्या सविनय कायदेभंगात किनाऱ्यावरील जिल्ह्यांनी मीठ उचलले. मध्य प्रांत-वऱ्हाडातील लोकांना मात्र आंदोलनासाठी प्रामुख्याने जंगल सत्याग्रहाचा मार्ग धरावा लागला. मिठाचा कायदा मोडावयाचा तर आधी समुद्र जवळ असावा लागतो, हे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

येथे एक व्यापक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. समुद्राच्या मिठात आयोडीन असते आणि ते खाणाऱ्यास वेगळ्या आयोडीनची गरज नाही, असे सुशिक्षितही मानतात. समुद्राच्या पाण्यात व मासळीत आयोडीन असते हे खरे आहे. पाणी आटवून केलेल्या मिठात ते नगण्य उरते. त्यामुळे तांड्यांनी आणलेले असो की वाघिणीने आणलेले, भंडाऱ्याच्या स्वयंपाकघरात पोहोचलेल्या मिठाने आयोडीनची गरज भागत नव्हती. गोड्या पाण्यातील मासळीही या बाबतीत समुद्रातील मासळीची बरोबरी करीत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर स्त्रीला सुमारे २५०. सबंध आयुष्याची बेरीज केली तरी ती चहाच्या चमच्याएवढीच भरते. मात्र शरीर हे तत्त्व फार काळ साठवून ठेवीत नसल्याने ते रोज मिळावे लागते.

गलगंडाच्या भारतीय संशोधनाचा आरंभ हिमालयात झाला. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी गिलगिट व चित्रळ येथील गलगंड व जडत्व यांवर १९०६ ते १९०८ या काळात जे लिहिले, ते जगभर वाचले गेले. दूषित पाणी हेच गलगंडाचे कारण असे त्यांचे मत होते. पुढे ते मागे पडले. परंतु आईच्या गळ्यावरील गाठ व मुलाच्या बुद्धीचे खुंटणे यांचा संबंध त्यांनी गावोगाव हिंडून नोंदविला, हे त्यांचे श्रेय राहते. स्वातंत्र्यानंतर व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेला प्रयोग निर्णायक ठरला. खोऱ्याचे तीन विभाग करून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ पुरविण्यात आले व तिसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्याच्या घरात आले, तिसऱ्यात तसा फरक पडला नाही. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

या कार्यक्रमाची दृष्टी दोन अंगांनी मर्यादित होती. एक म्हणजे तो हिमालयाच्या पट्ट्याकडे पाहत होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० च्या दशकात ९ राज्यांतील १४ जिल्ह्यांत केलेल्या अभ्यासात २१.१ टक्के लोकांमध्ये गलगंड आढळला, तेव्हा हा डोंगरी लोकांपुरता विकार नाही हे धोरणकर्त्यांना पटले. दुसरी मर्यादा अधिक खोल होती, आणि ती नावातच होती. कार्यक्रम गलगंडाचा होता. म्हणून मोजमाप गळ्याचे झाले. गळ्यावर गाठ न येताही ग्रंथी मंदावू शकते आणि त्याचा पहिला परिणाम बुद्धीवर व मनावर होऊ शकतो, ही गोष्ट नावात मावत नव्हती. सर्व खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचा निर्णय झाला व १९८६ पासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. कार्यक्रमाचे नाव १९९२ मध्ये बदलून त्यात ‘आयोडीन न्यूनता विकार’ हे शब्द आले. सहा वर्षांचे हे अंतर केवळ नामांतराचे नाही. गळ्याकडून मेंदूकडे सरकण्यास शासनयंत्रणेला लागलेला तो अवधी होता.

नागपूरची याचिका

साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदीचा इतिहास वळणावळणांचा आहे. आरंभी राज्यांनी आपापल्या हद्दीत बंदी घातली. महाराष्ट्रात ती काही काळ अंशतःच होती. १९९७ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून देशभर बंदी लागू केली. २००० मध्ये ती उठविण्यात आली. सार्वजनिक आरोग्याच्या बाबी व्यक्तीच्या निवडीवर सोडाव्यात, सक्ती नको, असा युक्तिवाद तेव्हा करण्यात आला. २००५ मध्ये पुन्हा अधिसूचना निघाली आणि १७ मे २००६ पासून अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतील ४४-आय या नियमान्वये बंदी परत आली.

या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात पुढाकार घेणारी संस्था विदर्भातील होती. ‘ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’ ही नागपूरची संस्था व तिचे डॉ. शांतीलाल कोठारी यांचे नाव पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांना लाखोळीच्या डाळीमुळे परिचित होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत भात कापण्यापूर्वीच बांधीतील ओलीवर लाखोळी फेकण्याची रीत जुनी आहे. या डाळीच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात या कारणास्तव १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती आणि ही बंदी अन्यायकारक आहे, असा कोठारी यांचा दीर्घकाळचा लढा होता. मिठाविरुद्धच्या याचिकेमागेही हीच भूमिका दिसते : दिल्लीत बसून केलेल्या नियमाने गरिबाच्या ताटातील वस्तू हिरावली जाते. ज्यांना आयोडीनची उणीव नाही अशा बहुसंख्यांवर ते का लादावे, आणि साधे मीठ पिकविणाऱ्या लहान उत्पादकांनी कोठे जावे, हे याचिकेतील प्रश्न होते.

न्यायालयाने जुलै २०११ मध्ये दिलेला निर्णय बारकाईने वाचण्याजोगा आहे. आयोडीनयुक्त मीठ अपायकारक आहे हा दावा न्यायालयाने मान्य केला नाही. मात्र अन्नभेसळ कायद्याने शासनाला आरोग्यास अपायकारक वस्तूंवर बंदी घालण्याचा अधिकार दिला होता, आणि साधे मीठ हे काही अपायकारक नव्हे. त्यामुळे नियम ४४-आय हा कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरला. तरीही सार्वजनिक आरोग्याची हानी होऊ नये म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली बंदी सहा महिने चालू ठेवण्यात आली. दरम्यान अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ चे विनियम अमलात आले व थेट मानवी सेवनासाठी साधे मीठ विकण्यावरील निर्बंध त्यांत कायम राहिला. कायद्याच्या दृष्टीने याचिकाकर्ते जिंकले, व्यवहारात मीठ बदलले नाही.

कोठारी यांच्या लाखोळीच्या लढ्याबद्दल सहानुभूती बाळगूनही येथे एक भेद नोंदवावा लागतो. लाखोळीचा अपाय दिसतो; लंगडणारा माणूस गावाला माहीत असतो. आयोडीनच्या उणिवेने होणारी हानी दिसत नाही. गर्भावस्थेत ती झाली तर मूल ‘ढ’ ठरते, प्रौढपणी झाली तर बाई ‘आळशी’ ठरते. ज्या हानीचा साक्षीदार उभा राहू शकत नाही, तिच्याविरुद्ध स्वेच्छेचा युक्तिवाद करणे फार सोपे असते. दुसऱ्या बाजूने, आयोडीन सर्वांना समान मानवते असेही नाही. अतिरिक्त आयोडीनमुळे काहींच्या ग्रंथीचा दाह वाढू शकतो. विदर्भातून उपस्थित झालेला प्रश्न म्हणूनच पूर्णतः निराधार म्हणता येणार नाही.

रक्तातील आकडे व मनातील अवस्था

अवटुग्रंथी व नैराश्य यांचा संबंध गेल्या अर्धशतकात दोन्ही टोकांनी तपासला गेला. आर्थर प्रँज यांनी १९६९ मध्ये असे दाखविले की, इमिप्रामीन या नैराश्यरोधक औषधासोबत अल्प मात्रेत टी-३ दिले असता विशेषतः स्त्रियांमध्ये सुधारणा लवकर दिसते. त्याच वर्षी अधःश्चेतकातील टीआरएच या संप्रेरकाची रचना स्पष्ट झाली. त्या शोधपरंपरेबद्दल गिलेमाँ व शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नैराश्याच्या काही रुग्णांत टीआरएच टोचूनही टीएसएच अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, हे १९७२ मध्ये लक्षात आले. मेंदू, पीयूषिका व अवटुग्रंथी यांची साखळी मनाच्या अवस्थेशी दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे, असा त्याचा अर्थ. त्यातच उन्मादावरील लिथियम हे मौलिक औषध स्वतःच ग्रंथीला मंद करू शकते. मनाच्या उपचाराने गळ्याचा विकार व्हावा, हा वैद्यकातील चमत्कारिक योग आहे.

हे संप्रेरक रक्तात अत्यल्प असल्याने त्यांचे अचूक मापन किरणोत्सारी प्रतिरक्षण पद्धती आल्यावरच सुकर झाले. भारतात या कामाला मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने १९६३ मधील स्थापनेपासून चालना दिली. त्यापूर्वी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यानंतरही बराच काळ, डॉक्टरचे डोळे व हात हीच साधने होती. सुजट चेहरा, कोरडी त्वचा, घोट्याला हातोडी मारल्यावर सावकाश मागे येणारा पाय यांवरून निदान होई. रोग पुरता वाढल्याशिवाय यांपैकी एकही खूण दिसत नाही. मन मात्र त्याआधीच खचू लागलेले असू शकते. आता तालुक्याच्या गावीही रक्त घेऊन टीएसएचचा आकडा मिळतो. त्यामुळे पूर्वी न होणारे निदान होऊ लागले, आणि क्वचित नको तेव्हाही होऊ लागले.

कारण नव्या अभ्यासांनी जुना उत्साह बराच आवरला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणानुसार अवटुन्यूनता असलेल्यांत नैराश्याची शक्यता अधिक असते, परंतु ती समजली जात होती तेवढी अधिक नाही; संबंध उघड न्यूनतेत स्पष्ट आहे, सौम्य न्यूनतेत क्षीण, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ठळक. सौम्य न्यूनतेत थायरॉक्सिन दिल्याने नैराश्याची लक्षणे कमी होत नाहीत, असे २१ चाचण्यांच्या २०१८ मधील विश्लेषणातून पुढे आले. बर्मन यांच्या ग्रंथिप्रधान व्यक्तिमत्त्वाच्या कल्पनेला तर यातून कोणताच आधार मिळत नाही. नैराश्याने ग्रासलेल्या स्त्रीला गोळी देऊन ‘थायरॉईडचेच होते’ असे म्हणणे ही पूर्वीच्या ‘स्वभावच तसा’ या निदानाची दुसरी आवृत्ती ठरू शकते. दोन्हींत सासर, कर्ज, नापिकी, एकटेपण यांविषयी विचारपूस करण्याची गरज उरत नाही. विदर्भातीलच अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये राबविलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विचारपूस केली, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तेथे साधन होते ते संवादाचे.

या पार्श्वभूमीवर भंडाऱ्याची स्थिती कोणत्या आकड्यांनी सांगितली जाते, हे पाहणे उद्बोधक आहे. प्रौढांतील अवटुन्यूनतेचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण ८ शहरांत झाले. एकूण प्रमाण १०.९५ टक्के निघाले आणि किनाऱ्यावरील शहरांपेक्षा आतील शहरांत ते अधिक होते. मुंबई व गोवा त्यात आहेत, विदर्भातील एकही ठिकाण नाही. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. भंडाऱ्याला लागून असलेले मध्य प्रदेश राज्य त्यात होते, पलीकडचे छत्तीसगडही होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे देशाचे अवटुग्रंथीविषयक व नैराश्यविषयक बहुचर्चित आकडे वैनगंगेच्या काठावरील माणसांना न मोजताच काढलेले आहेत, आणि जिल्ह्यातील डॉक्टर ते प्रमाण मानून चालतात.

आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रमाखालील जिल्हा सर्वेक्षणात ६ ते १२ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांचे गळे तपासतात, काहींच्या लघवीतील आयोडीन मोजतात आणि घरातील मिठाचा नमुना घेतात. मिठावर चाचणी द्रावणाचा थेंब टाकला की ते निळे-जांभळे होते; किती गडद होते यावरून १५ पीपीएमची मर्यादा ओलांडली की नाही याचा अंदाज येतो. खेड्यांतील काही घरांत अजून खडेमीठ वापरतात, आणि ते वापरण्यापूर्वी धुऊन घेण्याची सवय आहे. आयोडीन खड्याच्या पृष्ठभागावरच असल्याने त्या पहिल्या पाण्याबरोबर त्यातील मोठा भाग निघून जातो. मीठ धुणारी त्या घरातील चाळिशीची बाई या सर्वेक्षणाच्या कोणत्याही रकान्यात येत नाही. नमुना तिच्याकडून घेतात, वय मात्र तिच्या मुलाचे लिहितात.